येण्याचा दिवस धरून

साल त्र्याण्णव. फ्रीगंजात डबीर वकिलांकडे शोभाताई इन्कम टॅक्सचा रिटर्न भरायला आपला नंबर यायची वाट बघत बसल्या होत्या. हातात मासिक उघडं होतं खरं, पण कान वकिलांसमोर बसलेल्या तरुण बाईकडेच.

"तुमचे मिस्टर जर्मन. नोकरीही तिकडेच ना, माणिकताई?"

"हो, हॅम्बुर्गला. पण इथल्या बँकेत त्यांच्या नावावर ठेव आहे."

"मग त्यांचाही फॉर्म भरू. वर्षभरात इथे किती दिवस होते?"

"एकोणीस."

"पासपोर्ट न बघताच सांगताय?"

"पाठच आहेत."

"येण्याचा आणि जाण्याचा दिवस धरलात?"

"नाही हो. आले संध्याकाळी आणि गेले सकाळी. ते कसले दिवस?"

"आम्ही दोन्ही धरतो."

"खरंच? मग एकवीस झाले!"

"अहो, त्यानं टॅक्समध्ये काहीच फरक पडत नाही."

"न पडू दे. तुम्ही एकवीसच लिहा."

"लिहिले. एकशे ब्याऐंशीच्या आत आहेत, म्हणजे बरंच झालं. तेवढे राहिले असते तर इथले रहिवासी ठरले असते. मग तिकडच्या पगाराचीही परेशानी इथे."

"एकशे ब्याऐंशी राहिले की इथले?"

"कायद्यानं इथले."

शोभाताईंचं पान उलटायचं राहून गेलं.

"वकीलसाहेब, हे एका कागदावर लिहून द्याल? त्यांना पाठवते."

"जरूर. पुढच्या वर्षी सांभाळून राहा, असंच ना?"

"नाही. एकशे एकसष्टच कमी पडले, असं लिहा."