तलावाचा पिक्चर

मी पिक्चर सुचवला की आमच्या आमगावातले लोक झोपायची तयारी करतात. तरी मागच्या दिवाळीत मी कामठ्याला सासऱ्यांना माझा सगळ्यात आवडता पिक्चर दाखवला. कोणी नावही ऐकलेलं नाही असा. एक म्हातारा एकट्यानं गावासाठी तलाव बांधतो, बस. दोन तासांत मोजून दहा वाक्यं. शेवटी तलाव भरतो आणि म्हातारा तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावरच, बसल्या बसल्या जीव सोडतो. तिथे मला दर वेळी रडू येतं.

पिक्चर संपेपर्यंत सासरे जागचे हलले नाहीत. मला वाटलं, जमलं.

"कसा वाटला, मामाजी?"

"पाळ फुटन," ते म्हणाले. "आतून दगड काऊन नाही लावले त्यानं?"

"अहो, तो मेला ना शेवटी."

"मरन नाही तं काय करन, जवाईबापू? पाणी पाहूनच समजलं असन त्याले."

दुसऱ्या दिवशी त्यांनी गावातले तीन म्हातारे बोलावले. चौघांनी पाळीचा सीन मागे घेऊन घेऊन पाहिला आणि जेवणापर्यंत भांडले. शेवट पाहायला कोणी थांबलं नाही.

परवा मी तो पिक्चर परत एकटाच पाहिला. तलाव भरला, म्हातारा मेला. रडू काही आलं नाही. मी पाळीकडेच पाहत होतो.