बसायला जागा

भाची : हसू नकोस, आत्या. घरोघर जाऊन सांगितलं होतं मी. तरी साठीच्या वरचं एकही माणूस सभेला फिरकलं नाही.

आत्या : सभा कशासाठी होती म्हणालीस?

भाची : वस्ती नव्यानं आखायचीय, लहानथोर सगळ्यांच्या सोयीची. म्हणून रहिवाशांना विचारायचं, काय हवं, काय नको.

आत्या : आणि भरवलीस कुठे?

भाची : आमच्या ऑफिसात. दुसऱ्या मजल्यावर.

ड्रायव्हर : लिफ्ट?

भाची : बंद आहे.

ड्रायव्हर : वा! जन्मभर बस चालवली, पण स्टॉप गच्चीवर नेऊन ठेवलेला नाही पाहिला.

भाची : काका, तुम्ही आत्याची भाजी द्यायला आला होतात ना? दिलीत? मग निघा बघू.

ड्रायव्हर : निघतो की. शेजारधर्माचा चहा संपला की निघतो.

भाची : बरं बाई, चुकलंच माझं. आता तूच सांग, आत्या. तुला काय हवं बाहेर?

आत्या : मला? काही नको. मी जातेच कुठे बाहेर!

ड्रायव्हर : तेच तर. रोज संध्याकाळी वाचनालयात जायच्या बाई. गेलं वर्षभर उंबरा ओलांडला नाही.

आत्या : हल्ली पुस्तकं बेचव झालीत.

ड्रायव्हर : माझ्याकडून मागवलेली मात्र चाटूनपुसून वाचता.

भाची : आत्या?

आत्या : काय आत्या-आत्या लावलंयस! अगं, एकदा परत येताना गुडघ्यानं दगा दिला. टेकायला जागा कुठेच नाही, म्हणून घड्याळवाल्याच्या पायरीवर बसले. आतून ओरडला, 'आजी, उठा, गिऱ्हाइकांची वाट अडते.' मान वर करून बघते, तर माझाच विद्यार्थी. त्यानं काही ओळखलं नाही.

भाची : मग?

आत्या : मग काय, उठले. शाळेत बाकावर उभा करायचे त्याला. फिट्टंफाट झाली म्हणायची.

ड्रायव्हर : हे मला नाही सांगितलंत, बाई.

आत्या : सांगितलं असतं, तर भांडायला गेला असतात.

ड्रायव्हर : आत्ताही जाईन.

आत्या : बसा. चहा निवतोय.

भाची : मी रस्त्याकडेला बाक मागते, आत्या. वाचनालयापर्यंत.

आत्या : बाक नको हं! ती टवाळ पोरं येऊन बसतील आणि माझ्या खिडकीखाली खिदळत राहतील.

भाची : सभेला तेवढी तीच आली होती. काय मागितलं माहितीये? बसायला जागा. घड्याळवाला त्याच पायरीवरून त्यांनाही हाकलतो.

आत्या : त्यांनाही?

भाची : 'जरा टेकलो की उठवतात,' म्हणाली.

आत्या : असं होय... मग लांबलचक बाक माग. एका टोकाला ती, एका टोकाला मी.

ड्रायव्हर : आणि मधे मी.

आत्या : बसमध्ये लिहिलेलं असायचं ना, 'चालकाशी बोलू नये'? का लिहायचे, ते आता कळतंय.

भाची : हे सगळं तूच बोल ना सभेत. परत घेते. आजच, इथे खाली अंगणात.

आत्या : आज? केस तरी विंचरू दे.

ड्रायव्हर : विंचरा. मी खुर्च्या मांडतो आणि सगळ्यांना हाळी देतो. पोरांनासुद्धा.

(थोड्या वेळानं खालून खुर्च्या ओढल्याचे, मग माणसांचे आवाज येतात.)

भाची : बघ तरी खिडकीतून, किती जमलेत! अगं, घड्याळवालाही आलाय.

आत्या : कुठाय? अगं बाई, वर्षभरात टक्कल पडलं की त्याला.

भाची : त्याच्यासमोर सांगशील?

आत्या : पायरीचं सांगेन. मी त्याला शाळेत शिकवलंय, ते नाही सांगायचं. ओशाळेल बिचारा.

भाची : आणि त्यानं ओळखलं तर?

आत्या : तर ओळखलं. चल, जिन्यात हात दे जरा. धरू नकोस गं, नुसता जवळ ठेव.