ओरखडासुद्धा नाही

हाडांच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलेल्या शिक्षिकेची पाठ धरली होती, कान मात्र शाबूत होते. शेजारी हाताला प्लास्टर घातलेल्या आजी, त्यांच्या पलीकडे घोटा टम्म सुजलेले, अनवाणी गृहस्थ. त्यांच्या मांडीवर डोंगरात पळायचे कोरे करकरीत शूज.

"पडलात वाटतं?"

"डोंगरात पळायला गेलो होतो, आजी."

"शूज तर नवे दिसतायत. घसरले का?"

"छे! हे घसरतच नाहीत. खास चिखलासाठी बनवलेत. महिनाभर दुकानं पालथी घातली, तेव्हा कुठे मिळाले."

"मग?"

"मग वाटेत चिखल लागला."

"बरं."

"म्हणून काढून हातात घेतले."

"चिखलाचे शूज?"

"पहिलाच दिवस होता हो! खराब झाले असते."

"आणि तुम्ही आपटलात."

"असा आपटलो की विचारू नका. पण शूज वर धरले होते. ओरखडासुद्धा नाही, बघा."

"खाली कोणी आणलं तुम्हाला?"

"मुलीनं, पाठुंगळीला घेऊन. तिचे बूट पार फाटलेत, पण पोरगी घसरली नाही."

"मग हे तिलाच द्या की. तुम्ही काही आता इतक्यात पळत नाही."

"मागितले होते तिनं. म्हटलं, तुला मोठे होतील."

"होतात?"

"आमचं दोघांचं माप एकच आहे, आजी."

शिक्षिका पर्समध्ये उगाच काहीतरी शोधू लागली. आतून गृहस्थांना हाक आली. ते भिंतीला धरून एका पायावर उठले.

"आजी, जरा धरता हे? मांडीवरच ठेवा हं, खाली फरशी ओली आहे."