जुन्या ढाली

स्नेहलतागंजच्या बसथांब्यावर माझ्यापुढे एक फेटेवाले आजोबा आणि परीक्षेला निघालेली त्यांची नात उभी होती.

"आबा, ऐका. ग्रीकांच्या इफिक्रातेस सेनापतीने शिपायांना जड ढालीऐवजी हलकी दिली, भाला लांब केला, जोडेही हलके केले."

"बढिया. शिपाई धावायला मोकळा झाला. आणि जुन्या ढाली?"

"म्हणजे?"

"सरकारजमा केल्या, की घरी नेऊ दिल्या?"

"ते पुस्तकात नाही."

"आमची होळकरांची फौज मोडली, तेव्हा माझा भाला जमा करून घेतला."

"म्हणून आपण खंडेनवमीला विळी पुजतो?"

"पाट रिकामा कसा ठेवायचा, बेटा?"

"मी लिहिते, ढाली घरी नेऊ दिल्या."

"नंबर कटतील."

"कटू देत, आबा."