अप्पांच्या नावाचा कॅटलॉग

भागीरथी : चित्रातला तो खांब जरा आत घे गे हरिणी. पानाच्या कडेला चिकटलाय, कापताना जाईल.

हरिणी : घेतला. आई, कुंभकोणम्‌ची ही सगळी घरं तूच उन्हात उभी राहून मोजून काढलीस ना?

भागीरथी : मग कोण, तुझे अप्पा? ते ओट्यावर बसून घरमालकाबरोबर कापी पीत असत.

हरिणी : मग प्रदर्शनाच्या कॅटलॉगवर त्यांचं एकट्याचं नाव का?

भागीरथी : विचारलं की सकाळी. म्हटलं, आर्किटेक्ट मीही आहे, दोघांची नावं घाला. तर म्हणतात, नवराबायकोत नाव वेगळं असतं का?

हरिणी : मग?

भागीरथी : म्हटलं, तर मग माझंच घाला. हसले आणि पेन मागितलं. पहिलं प्रूफ उघडलंसुद्धा नाही, सही केली. माझ्या चित्रांवरही अशीच करत आले जन्मभर.

हरिणी : मी बोलू त्यांच्याशी?

भागीरथी : उद्या बोल. आज तिरुभुवनमला जायचंय, शेजारच्या अलमेलुच्या लेकीच्या लग्नाची रेशमी साडी विणकरांकडे बघायला. तू चल बाई, नाहीतर मी पुन्हा फिका रंग उचलून आणीन.

(दोन महिन्यांनी. प्रदर्शनाचा हॉल माणसांनी भरलेला.)

कृष्णराव : हरिणी, पानं कोरी आहेत. सगळी. खाली माझं नाव आणि वर काहीच नाही.

हरिणी : हो अप्पा.

कृष्णराव : छापखान्यानं घोळ घातला. त्या गुरुमूर्तीला फोन लाव.

हरिणी : त्यांचा दोष नाही. ते पुन्हा पुन्हा विचारत होते, चित्रं राहिली का म्हणून. मीच म्हटलं, असंच छापा.

कृष्णराव : तू?

हरिणी : पुस्तकावर तुमचं एकट्याचं नाव हवं होतं. म्हणून तुम्ही स्वतः काढलेलं तेवढंच आत घातलं.

कृष्णराव : मला दाखवायचं तरी.

हरिणी : हे कोरं प्रूफ हातात दिलं होतं. तुम्ही तेही न उघडता सही केलीत.

कृष्णराव : बायको गेलेल्या माणसावर असा सूड उगवतेस?

हरिणी : आई मला म्हणाली होती, उद्या बोल. दुसऱ्या दिवशी ती उठलीच नाही. मग मी बोलले नाही, छापलं.

कृष्णराव : मी तिला फसवलं नाही गे. कामं माझ्या ओळखीनं यायची.

हरिणी : तुमच्या ओळखीनं यायची. करायची ती.

कृष्णराव : चेन्नईहून लोक आलेत. पुस्तक उघडतात, भिंतीवरची चित्रं बघतात, पुन्हा पुस्तक उघडतात. त्यातले ते आर्किटेक्ट कृष्णकुमार तर तोंड फिरवून हसत होते. काय सांगू मी त्यांना?

हरिणी : खरं सांगा.

कृष्णराव : ह्या वयात? त्यापेक्षा तू सांग. छपाईत चूक झाली म्हण, तुझ्या तोंडून पटेल. हा घे माईक.

हरिणी : द्या.

कृष्णराव : तमिळमध्ये बोल. सगळ्यांना कळू दे.

हरिणी : (तमिळमध्ये) नमस्कार. मी हरिणी. हा कॅटलॉग मी केला, त्यात चूक काही नाही. भिंतीवरची ही सगळी घरं माझ्या आईनं काढली आहेत. तिचं नाव भागीरथी.