जीपच्या मागचं वाक्य

नागभीडच्या स्टँडवर धनराजच्या नव्या जीपमागे पेंटर नदीमभाऊंनी नुकतीच अक्षरं रंगवली होती. ब्रह्मपुरीला जाणाऱ्या बायका जीपमध्ये चढत होत्या.

"'मुक्कामापेक्षा प्रवास सुंदर.' कसं वाटते, धनराज?"

"एक नंबर, नदीमभाऊ! मोबाइलवर रोज येते हे. अवो सोमारीबाई, उतरून काऊन राह्यल्या?"

"तुले रस्ताच सुंदर वाटते, तर पोचवशीन कवा? माह्या नातवाचं बारसं हाय."

"बाई, हे नुसतं लिवाचं असते!"

"मंग दुसऱ्या जीपनं जातो. चला वो बायांनो."

"अवो थांबा! नदीमभाऊ, पुसा ते."

"ऑइलपेंट हाय, सारं फासलं जाईन. खाली जागा हाय, बोल."

"लिवा, 'पण बारशाच्या आधी पोचवतो.'"

सोमारीबाई परत जीपमध्ये चढल्या. "आता सरका वो. खिडकीजवळ मी बसतो."