पहिल्या बाकावरची लेक

सर ऑब्रींना मातीआड करून आठवडा झाला होता. त्यांची लेक ऑगस्टा चर्चमध्ये खांबाआड फुलं रचत होती. येत्या रविवारी आपण कुठं बसावं, हे तिला सुचत नव्हतं. पलीकडे मर्टल आणि ईडी पितळी दिवे घासत होत्या. ती तिथं आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"आता 'सर' कोण गं, मर्टल?"

"कॅनडातला पुतण्या. बॅरोनेटची पदवी घराण्यातल्या पुरुषाकडेच जायची."

"म्हणजे तो लॉर्ड झाला?"

"छे! लॉर्डाच्या एक पायरी खाली, नाइटच्या वर. नाइटची पदवी त्याच्याबरोबर संपते, ही वारशानं चालते."

"आणि आपल्या लेडी ऑगस्टा?"

"लेडी कुठली? तो मान सरांच्या बायकोचा. लेक नुसती मिस."

"जळली मेली पदवी! बापाचं सगळं हिनंच केलं की."

"आणि चर्चमध्ये बापलेक भजनं गायचे काय गं! सर नेहमी अर्धी ओळ पुढं पळायचे, ही कोपरानं ढोसायची."

"देवालासुद्धा हसू येत असेल."

"येऊ दे. सूर पोचायचा ना त्याच्यापर्यंत!"

"पहिला बाक 'सरां'च्या मानाचा, आता तिथं पुतण्या बसणार. ती यायचीच नाही बघ."

"न येऊन सांगते कुणाला! आपल्या बाकावर घेऊ."

"आपल्यात? आणि हाक काय मारायची?"

तेवढ्यात खांबाआडून उत्तर आलं,

"ऑगस्टा म्हण, ईडी. आणि जरा सरकून बसा, मी येतेय."